नात्सुमेच्या गाडीतली रताळी

कुशिउरा,
१४ नोव्हेंबर

प्रिय सुमिए काकू,

नमस्कार. इकडे उतारावर संत्र्यांची तोडणी सुरू झाली. सकाळी चढणीला लागलं की टोपल्या वर-खाली नेणाऱ्या त्या रुळावरच्या यंत्रांची घरघर ऐकू येते आणि तू हाताला धरून मला शाळेत सोडायचीस ते आठवतं. हिरोशिमात थंडी पडली का? तुझे गुडघे कसे आहेत? गरम पाण्याची पिशवी थेट कातडीवर ठेवू नकोस, मध्ये टॉवेल घाल. तूच शिकवलेलं तुलाच सांगते आहे, पण सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

बाबा बरे आहेत. दिवसभर बागेत असतात. तात्सुयादादाला आणि वहिनीला माझा नमस्कार सांग.

केंद्रात या महिन्यात माझ्यावर एक जादा काम आलं आहे. घरोघर जाऊन शुश्रूषा करणाऱ्या आमच्यासारख्या नर्सना कामात समाधान किती आहे, याची प्रांताच्या संघटनेकडून पाहणी चालली आहे. आम्ही सहाजणी. प्रत्येकीने प्रश्नावली भरायची, पाकिटात घालायची, आणि एकीने ती गोळा करून पाठवायची. आमच्या प्रमुख ओचीबाईंनी गठ्ठा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "होनामीकडे दिलं की कागदाला सुरकुती पडायची नाही." सगळ्या हसल्या. मीही हसले.

प्रश्न साधे आहेत. 'पगार पुरेसा वाटतो', 'सहकाऱ्यांची मदत होते', 'माझ्या कामाची कदर होते असं वाटतं'. पुढे एक ते पाच आकडे, त्यातल्या एकाला गोल करायचा. मी पाकिटं उघडून बघितलेली नाहीत, पण न बघताही सांगते की सगळ्यांनी तीनला गोल केला असेल. आपल्याकडे ओ-बोनला पितरांसाठी माणसं गावी परततात तेव्हा बोटीवर होत नाही एवढी गर्दी या तीनवर होते. एकीने मात्र जेवणाच्या टेबलावर, एका हातात जेवायच्या काड्या धरून, मोठ्याने वाचत वाचत सगळं भरून टाकलं. "पाच. पाच. पाच. का हो ओचीबाई, सहा का नाही ठेवला?"

ती नात्सुमे. ओ-बोनला तू तिला भेटली आहेस. दोन वर्षांपूर्वी ओसाकाहून आली, माझ्याहून एक वर्षाने लहान. तिचं घड्याळ कुठल्या ना कुठल्या पेशंटच्या घरी राहिलेलं असतं. मोजे दोन रंगांचे. बोलते तर अशी की रक्तदाब मोजताना पेशंट हसतो आणि आकडा चुकतो. मी तिच्याबद्दल तक्रार करत नाही. फक्त सांगते आहे.

तुला एक विचारायचं होतं. आजीला बघायला नर्सबाई यायच्या तेव्हा त्या आत शिरल्या रे शिरल्या की तू मला मागच्या दाराने पिटाळायचीस, त्यांच्या गाडीत पांढरे मुळे ठेवायला. गाडीची काच चार बोटं खाली असायची. बाई निघाल्या की सीटवरच्या मुळ्यांकडे न बघता गाडीत बसायच्या आणि तू मुळ्यांकडे न बघता वाकून नमस्कार करायचीस. कोणी दिलं नाही, कोणी घेतलं नाही. लहानपणी मला तो खेळच वाटायचा.

पण आता नियम कडक आहेत. पेशंटच्या घरी चहासुद्धा घ्यायचा नाही, आणि गाडीत पेशंटचे कागद असतात म्हणून गाडीला कुलूप हवंच. मी पहिल्या दिवसापासून लावते. पहिल्याच महिन्यात हामादा आजोबांनी माझ्या गाडीच्या आरशाला वाळलेल्या मासळीची जुडी बांधून ठेवली होती. मी ती घेऊन परत घरात गेले, वाकून माफी मागितली, मासळी परत दिली आणि त्यांना नीट समजावं म्हणून नियमांचं पत्रकही दिलं. शेजारच्या दोन घरांतही दिलं.

नात्सुमेची गाडी मात्र उघडी असते. संध्याकाळी ती परत येते तेव्हा मागची सीट दिसत नाही. संत्री, मुळे, मासळी, एकदा तर जिवंत खेकडा. ते सगळं ती केंद्राच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतते आणि सगळ्या तुटून पडतात. मी घेत नाही. गेल्या आठवड्यात रताळ्याचे वाळवलेले काप होते. इतके ओबडधोबड की विचारू नकोस, एका टोकाला बोटभर जाड आणि दुसऱ्या टोकाला कागद. नात्सुमेने मूठभर माझ्यापुढे सरकवले. "घे ना, तुझ्या कियो आजीकडचे आहेत." हे ती मुद्दाम म्हणते. कियो आजीला अर्धांगवायू झाल्यापासून दर आठवड्याला जाते ती मी. पाठ पुसते ती मी. उजवा हात गेला तर डाव्या हाताने काड्या धरायला, सुरी धरायला शिकवलं ते मी. आणि मी दारात दिसले की म्हातारी म्हणते, "आली हवालदारीणबाई. लपवा काय लपवायचं ते." नात्सुमे माझ्या सुट्टीच्या दिवशी तेवढी जाते, आणि रताळी तिच्या गाडीत.

मी म्हटलं, मला रताळी आवडत नाहीत.

तर विचारायचं ते हे. कोणी नियम मोडत असेल आणि आपण वरिष्ठांना सांगितलं, तर ती चहाडी होते का? उद्या एखाद्या नातेवाइकाने तक्रार केली तर केंद्राचं नाव जाईल. माझ्या मनात दुसरं काही नाही.

आणखी एक. मात्सुयामाच्या इस्पितळात जागा आहे. मार्चअखेर इथलं सोडावं लागेल, आणि ओचीबाईंना ते वर्ष संपायच्या आत सांगावं लागेल. आजीच्या अंथरुणाशी तू मला जे शिकवलंस ते मी इथे लोकांच्या घरात करावं असं मला फार वाटायचं. पण माझ्या हातांची इथे कोणाला गरज आहे असं दिसत नाही. इस्पितळात निदान दारात गाडी उभी नसते, भरलेली की रिकामी ते दिसायला. बाबांना इतक्यात सांगू नकोस.

जपून राहा.

तुझी,
होनामी


कुशिउरा,
६ डिसेंबर

प्रिय काकू,

तुझं पत्र मिळालं. उत्तर लांबलं, माफ कर. खाडीवरचा वारा आता घरात शिरतो आहे. बाबांना खोकला आहे, ताप नाही, मी रोज बघते.

कियो आजी गेल्या महिन्याच्या शेवटी गेली. झोपेतच. सकाळी तिच्या सुनेचा, फुसाकोबाईंचा, फोन आला. डॉक्टर येऊन गेल्यावर मी आणि फुसाकोबाईंनी मिळून तिला पुसलं. टॉवेल तू शिकवलास तसाच पिळला, थेंब पडेनासा होईपर्यंत, आणि आधी माझ्या मनगटावर लावून बघितला. तिला कळणार नव्हतं, तरी बघितला. डावा हात पुसताना बोटांच्या पेरांवर सुरीच्या बारीक खुणा दिसल्या. मी सुरी धरायला शिकवली, पण जपून धरायला शिकवलं नाही वाटतं.

मग मी तिचे केस विंचरत होते. फुसाकोबाई बराच वेळ दारापाशी घुटमळल्या आणि म्हणाल्या, "नात्सुमेबाई आज यायच्या नाहीत का?"

काकू, माझ्या हातात तिच्या सासूचे केस होते.

मी म्हटलं, उद्या येईल. दुसऱ्या दिवशी नात्सुमे गेली, आणि तिथे बसून मोठ्याने रडली म्हणे. सगळं घर तिची समजूत काढत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. मी खोलीची खिडकी उघडली, औषधं मोजून पिशवीत भरली आणि सही घेऊन निघाले. मला तर तिच्या रडण्याचासुद्धा हेवा वाटला. हे लिहून झाल्यावर खोडणार होते, पण पत्रात खाडाखोड करू नये असं तूच सांगायचीस.

आता तुझ्या पत्राबद्दल. मी चहाडीचं विचारलं, त्यावर तू एवढंच लिहिलंस की पत्रात नियमापेक्षा नात्सुमे जास्त दिसली. आणि खाली तिची खुशाली विचारलीस.

मग मीही विचारते. ओ-बोनला तू आलीस तेव्हा नात्सुमे आपल्या घरी आली होती, अर्ध्या तासात तिने तुला 'काकू' म्हणायला सुरुवात केली, आणि भांडी धुताना तिचे कपडे भिजले म्हणून तू पेटी उघडून आजीचा पांढरा झगा तिला दिलास. आजी स्वयंपाकघरात घालायची तो, डाव्या खिशाला ठिगळ असलेला. मी तिथेच उभी होते. ते ठिगळ तू लावत होतीस तेव्हा सुईत दोरा मी ओवून दिला होता. ती तो घालून केंद्रात येते. सगळ्यांना सांगते, मला होनामीच्या काकूने दिला.

त्या झग्याबद्दल मी कधी काही बोलले नाही. आज बोलले.

तो झगा होनामीला का नाही दिला, असं वहिनीने तुला विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस ते तिने मला फोनवर सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. "होनामीला काही द्यायचं म्हणजे आधी अर्ज करावा लागतो. नवीन वर्षाचं पैशांचं पाकीट दिलं की ही पोर ते बापाकडे नेऊन द्यायची आणि मला पोच आणून द्यायची." हसत म्हणालीस म्हणे. मी तेव्हा आठ वर्षांची होते, आणि मला वाटलं होतं तुला बरं वाटेल.

उद्या-परवा मी ओचीबाईंशी बोलणार आहे. नात्सुमेच्या गाडीबद्दलही आणि मात्सुयामाबद्दलही. दोन्ही एकदमच सांगून टाकते, म्हणजे कोणाला वाटायला नको की जाता जाता काडी लावली. का तसंच वाटेल? मी तीन रात्री यावर विचार करते आहे. माझं चुकत असेल तर लवकर कळव.

होनामी

ता.क. समाधानाच्या प्रश्नावलीचं माझं पाकीट अजून रिकामं आहे. 'कदर होते असं वाटतं' यापाशी अडले आहे. इतरांना मुदतीची आठवण करून देते ती मीच.


कुशिउरा,
२७ डिसेंबर

प्रिय काकू,

तुझ्या उत्तराची वाट बघायला हवी होती, पण बघितली नाही. मी ओचीबाईंकडे गेले.

दुपारी केंद्रात त्या एकट्याच होत्या. मी दार लावून घेतलं, उभ्यानेच सगळं सांगितलं, गाडीच्या काचेपासून खेकड्यापर्यंत. नियमाचा क्रमांकही सांगितला. त्या चष्मा पुसत ऐकत होत्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. नात्सुमेला सांगते, उद्यापासून कुलूप लाव म्हणून."

मला वाटलं होतं की हलकं वाटेल. नाही वाटलं.

मग त्या म्हणाल्या, "पण मग तुझं कशातून आणायचं?"

"माझं काय?"

"तुझं म्हणजे तुझं. हामादांची मासळी. वरच्या आळीतली संत्री. तुझ्या गाडीला कुलूप, म्हणून लोक तिच्या गाडीत ठेवतात. ती वर चढून आली की विचारतात, हवालदारीणबाईंपर्यंत पोचेल ना. दोन वर्षं ती पोर तुझी हमाली करते आहे."

मी विचारलं, मला कोणी सांगितलं का नाही. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघितलं.

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

काकू, याचं उत्तर तुलाही माहीत आहे. सगळी संत्री पिशव्यांत भरून मी घरोघर परत दिली असती, वाकून माफी मागितली असती आणि बरोबर पत्रक दिलं असतं. हामादा आजोबांनी ते पत्रक अजून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून ठेवलं आहे म्हणे. आल्यागेल्याला दाखवतात, "आमच्या नर्सबाईंनी दिलंय." मला वाटायचं, माझी चेष्टा करतात. करतातही. पण 'आमच्या' म्हणतात, हे मला माहीत नव्हतं.

सगळंच माझं नव्हतं हं. हे नीट सांगायला हवं. बरंचसं नात्सुमेचंच होतं. खेकडा तिचाच होता.

तेवढ्यात ती आली. आजीचा झगा घातलेला, एका पायात निळा मोजा. माझं तोंड बघून थबकली आणि ओचीबाईंना म्हणाली, "सांगितलंत? सुटले बाई. दोन वर्षं जीभ चावून चावून अर्धी उरली माझी." मग स्टूल ओढून वर चढली आणि कपाटावरून एक पत्र्याचा डबा काढला. कियो आजी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी फुसाकोबाईंनी तो तिच्या गाडीत ठेवला होता. आदल्या दिवशी दारात घुटमळत त्यांनी नात्सुमेची चौकशी केली ती एवढ्यासाठी. डबा माझा होता आणि तो मला देता येत नव्हता.

आत रताळ्याचे काप होते. एका टोकाला बोटभर जाड, दुसऱ्या टोकाला कागद.

जाडीचा तो उतार मी ओळखायला हवा होता. डाव्या हाताने सुरी धरली की सुरुवातीला मनगट बाहेर वळतं, म्हणून काप असा उतरता होतो. मी तिच्या मागे बसून, तिच्या हातावर हात ठेवून, कितीतरी आठवडे ते मनगट सरळ करत होते. ते कधी पुरतं सरळ झालं नाही. टेबलावर ते काप बघून मी नाक मुरडलं होतं. त्या दिवशी म्हातारी जिवंत होती. एक काप तोंडात टाकून पुढच्या भेटीत 'फार जाड झाले हो' एवढं म्हटलं असतं तर तिने मला चार शिव्या घातल्या असत्या, आणि दोघींनाही कळलं असतं.

मी विचारलं, ती काही म्हणायची का. नात्सुमेने कियो आजीचा आवाज काढून म्हणून दाखवलं, अगदी हुबेहूब. "हवालदारीणबाईला दे हो हे. डावा हात तिनेच शिकवलाय, आता भोग म्हणावं."

मग मी रडले. स्वयंपाकघरात, उभ्याने. नात्सुमेही रडली, माझ्याहून मोठ्याने. तिला तेही जास्त चांगलं येतं.

काकू, माझा हेवा गेला असं तुला कळवता आलं असतं तर किती बरं झालं असतं. गेलेला नाही. ते वाक्य कियो आजी माझ्याबद्दल बोलली आणि ऐकलं ते नात्सुमेने. माझ्या वाट्याचं बोलणं दोन वर्षं तिच्या कानात पडत होतं आणि मला तिने आवाज काढून दाखवला तेवढंच मिळालं. रोज संध्याकाळी हे आठवतं. फक्त पूर्वी मला तिच्या संत्र्यांचा हेवा वाटायचा.

नात्सुमेला कुलूप लावायला सांगू नका, असं मी ओचीबाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, मला तर काही ऐकल्याचं आठवत नाही. मात्सुयामाबद्दल मी त्या दिवशी बोलले नाही.

समाधानाची पाकिटं काल पाठवली. शेवटचं माझं. 'कदर होते असं वाटतं' याच्यापुढे मी खूप वेळ पेन धरून बसले. पाचला गोल करणं मला शोभलं नसतं आणि ते खरंही नव्हतं. शेवटी तीनला केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की इतर चौघी तिथे का उभ्या असतात. तिकडे बसून आकड्यांची बेरीज करणाऱ्याला वाटेल की कुशिउरात नर्सना धड सुख नाही, धड दुःख नाही.

गेल्या सोमवारपासून मी पेशंटच्या कागदांची पिशवी गाडीत ठेवत नाही. खांद्याला लावून घरात नेते. म्हणजे कागद गाडीत नाहीत, म्हणजे कुलपाची सक्ती नाही. नियम मी पुन्हा वाचून खात्री केली. मग गाडीची काच चार बोटं खाली घेतली आणि हामादा आजोबांच्या घरी गेले. त्यांची जखम धुताना सगळं लक्ष बाहेर. कोणी चालल्याचा आवाज आला की पट्टी वाकडी व्हायची. आजोबा म्हणाले, "आज हवालदारीणबाईंचं चित्त ठिकाणावर नाही."

बाहेर आले तर सीट रिकामी होती. मंगळवारीही रिकामी, बुधवारीही. काच उघडी आहे हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही, आणि हे काही सांगत फिरता येत नाही. इतकी वर्षं बंद होती. गावाला कळायला वेळ लागेल.

मार्चपर्यंत काही कळायचं नाही. म्हणून मी मार्चनंतरही इथेच आहे. मात्सुयामाला तसं कळवलं. बाबांना काही सांगावंच लागलं नाही, म्हणजे तू खरोखरच बोलली नव्हतीस.

सोबत कियो आजीचे काप पाठवते आहे, डब्यातले अर्धे. विस्तवावर जरा भाजून घे, जाड टोक मऊ होतं. नात्सुमेला मूठभर दिले. ती नको म्हणाली, मी घ्यायला लावले. आजीचा झगा तिच्याकडेच राहू दे. तिला तो शोभतो, हे लिहिताना माझा हात जड झाला तरी लिहिते.

पण ओ-बोननंतर तू हिरोशिमाला नेलीस त्या आजीच्या पेटीत अजून काही असेल, फडकं असेल, कंगवा असेल, तुझ्या मनाला येईल ते, तर मला पाठव. नवीन वर्षाच्या निमित्ताने म्हणून पाठव किंवा बिननिमित्ताने. आधी विचारू नकोस.

पोच येणार नाही.

तुझी,
होनामी